पुण्यातल्या घराच्या खिडक्या बदलताना: ब्रँडची तुलना नेमकी कशी करावी

खिडक्यांच्या दालनात पाऊल टाकले की पहिला प्रश्न येतो तो ‘कुठल्या कंपनीची दाखवू?’ हा. घराच्या सगळ्या खिडक्या बदलायच्या ठरल्यावर मी पुण्यातली अशी बरीच दालने पालथी घातली, कोटेशने मागवली, प्रोफाइलचे, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्ट्यांचे, कापलेले नमुने हातात घेऊन पाहिले, आणि माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न पहिला नसून शेवटचा आहे. एकाच नामांकित कंपनीच्या दोन खिडक्यांची काच, उघडण्याची पद्धत आणि बसवणारा कारागीर वेगळा असेल तर जेवढा फरक पडतो, तेवढा दोन तोडीस तोड कंपन्यांच्या सारख्याच खिडक्यांमध्ये बहुधा पडत नाही. त्यामुळे आपल्या घराच्या कोणत्या भिंतीला काय हवे आहे हे आधी ठरवून, तीच एक खिडकी प्रत्येक कंपनीकडे मागितली, तरच तुलना खरी होते.

आमचा फ्लॅट कोथरूडमधल्या तीसेक वर्षांच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. दिवाणखाना वाहत्या रस्त्याकडे, दोन्ही झोपायच्या खोल्या पश्चिमेकडे आणि स्वयंपाकघर पूर्वेला. सगळीकडे त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ॲल्युमिनियमच्या दोन ट्रॅकच्या सरकत्या खिडक्या, 4 मिलिमीटरची साधी काच, झिजलेले रोलर आणि बाहेरून लोखंडी ग्रिल. पुण्यात अशी घरे हजारोंनी आहेत, म्हणून आमच्या घराचा हिशेब इतरांच्याही कामी यावा.

आधी नावांविषयी लिहिते, कारण ‘प्रीमियम’ म्हणून पुढे येणारी नावे एका जातीची नाहीत. फेनेस्टा ही डीसीएम श्रीराम समूहाची कंपनी. तिचे यूपीव्हीसीचे, म्हणजे कडक पीव्हीसी प्लास्टिकचे, प्रोफाइल राजस्थानात कोटा येथे तयार होते आणि मोजमापापासून बसवण्यापर्यंतचे काम तिच्याच साखळीतून होते. टोस्टेम हा जपानच्या लिक्सिल कंपनीचा ॲल्युमिनियम खिडक्यांचा ब्रँड. त्यात कारखान्यात जुळवलेल्या संचावर भर असतो, रंग मोजके असतात, पण ॲनोडाइझ केलेल्या पृष्ठभागावर आणखी एक संरक्षक थर असल्यामुळे तो दीर्घकाळ टिकावा अशी रचना आहे. हिंदाल्कोचा इटर्निया आणि असाही इंडिया ग्लासच्या एआयएस खिडक्या याही साधारण याच गटात येतात, कारण त्यांत खिडकी एका छत्राखाली विकली जाते.

दुसरा गट निराळा आहे. यूपीव्हीसीमध्ये जर्मनीच्या वेका, रेहाऊ, कॉमर्लिंग आणि बेल्जियमची डेकुनिंक, तर ॲल्युमिनियममध्ये जर्मनीची शूको आणि बेल्जियमची रेनर्स या मुख्यतः ‘सिस्टिम’ पुरवणाऱ्या कंपन्या आहेत. पट्ट्यांचा छेद, गॅसकेट (कडेची रबरी पट्टी), सांधे आणि पाण्याचा निचरा यांची रचना त्यांची असते, पण पट्टी कापून, कोपरे जोडून, काच बसवून खिडकी तयार करतो तो स्थानिक फॅब्रिकेटर. म्हणजे आपण जिला जर्मन खिडकी म्हणतो ती भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात जन्माला आलेली असू शकते. यात काहीही गैर नाही, उलट चांगला फॅब्रिकेटर जवळ असणे ही मोठी सोय आहे. मात्र या गटात ब्रँडच्या नावाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, फॅब्रिकेटरच्या कारखान्याला महत्त्व येते. तो कारखाना दाखवायला जो का-कू करतो त्याच्याकडून मी तरी खिडकी घेणार नाही.

यूपीव्हीसी की ॲल्युमिनियम, हा वाद दालनांमध्ये फार चवीने चालतो. ॲल्युमिनियम यूपीव्हीसीपेक्षा जवळजवळ हजारपट उष्णतावाहक आहे हे खरे, आणि म्हणूनच भारी ॲल्युमिनियम प्रोफाइलच्या पोटात पॉलिअमाइड या प्लास्टिकची पट्टी घालून आतला व बाहेरचा धातू वेगळा केलेला असतो. पण ॲल्युमिनियम यूपीव्हीसीच्या पंचवीस-तीस पट ताठही आहे, त्यामुळे त्याची चौकट बारीक ठेवता येते आणि तेवढ्याच गाळ्यात, म्हणजे भिंतीतल्या खिडकीच्या जागेत, काच, म्हणजे उजेड, जास्त मिळतो. यूपीव्हीसी तापमानाने बरेच लांबते आणि आखडते: दोन मीटरची पट्टी 40 अंशांच्या फरकाने साडेपाच मिलिमीटरच्या आसपास वाढते, तर तेवढीच ॲल्युमिनियमची पट्टी दोन मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. यूपीव्हीसीच्या पोकळीत गॅल्व्हनाइज्ड पोलादाची घडवलेली पट्टी घालतात ती त्याचा ताठपणा कमी असतो यावर उपाय म्हणून, आणि कोटेशनमध्ये या पोलादाची जाडी लिहून घेणे अगत्याचे आहे. प्रोफाइलच्या भिंतीची जाडीही विचारावी. युरोपीय मानक ईएन 12608 मध्ये दिसणाऱ्या बाजूची भिंत ‘अ’ वर्गासाठी किमान 2.8 आणि ‘ब’ वर्गासाठी 2.5 मिलिमीटर धरली आहे, आणि नमुन्याचा कापलेला तुकडा समोर असला की साध्या व्हर्निअर कॅलिपरने ती मोजता येते. गडद रंगाचे किंवा लाकडी छटेचे यूपीव्हीसी उन्हात पांढऱ्यापेक्षा बरेच अधिक तापते, म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर मी पांढऱ्याच्याच बाजूने आहे.

आता काचेकडे वळते, कारण पुण्यात पैसे खऱ्या अर्थाने कामी येतात ते इथे. दालनात दुहेरी काचेचे, म्हणजे डीजीयूचे, गुणगान पहिल्यांदा होते आणि ‘उष्णता आत येणार नाही’ असे सांगितले जाते. हे थोडे तपासून पाहू. एका चौरस मीटर पश्चिमेच्या खिडकीवर एप्रिलच्या दुपारी चारच्या सुमारास 600 वॅट ऊन पडत आहे असे धरा. साधी काच त्यातले सुमारे 80 टक्के आत घेते, म्हणजे 480 वॅट. साध्याच दोन काचांची डीजीयू 70 टक्क्यांच्या आसपास घेते, म्हणजे 420. सोलर कंट्रोल थर दिलेली, 0.35 सौर गुणांकाची, म्हणजे पडलेल्या उन्हातले 35 टक्केच आत घेणारी, काच मात्र 210 वॅटच आत सोडते. आता नुसत्या बाहेरच्या गरम हवेमुळे येणारी उष्णता पाहा. बाहेर 38 आणि आत 26 अंश असताना एकेरी काचेतून, जिचा यू-गुणांक (एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे किती वॅट उष्णता जाते तो आकडा) 5.7 च्या आसपास असतो, चौरस मीटरमागे 68 वॅट येतात. साध्या डीजीयूतून, 2.8 गुणांकाने, त्याच्या निम्मे. म्हणजे डीजीयूने वाचवले 34 वॅट, आणि तिच्यातून थोडे अडलेले ऊन धरले तरी शंभराच्या आत; योग्य थराच्या काचेने वाचवले 270. युरोपातल्या थंडीसाठी दुहेरी काच अपरिहार्य असेल, पण आपला शत्रू थंडी नाही, पश्चिमेचे ऊन आहे.

या उन्हाची पुण्यातली चालही लक्षात घेण्यासारखी आहे. आपण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या मध्याला शून्य सावलीच्या दिवशी सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जाही सावली देतो, पण पश्चिमेला कलता सूर्य छज्जाखालून थेट खोलीत शिरतो आणि तिथे छज्जा हात टेकतो. माझ्या सासूबाईंची खोली नेमकी या बाजूला आहे. दुपारची झोप त्यांना तिथे उन्हाळाभर मिळत नसे आणि त्या उशी घेऊन दिवाणखान्यात येत. त्यांच्या खिडकीला उत्तम काच आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला साधी टफन्ड (भट्टीत तापवून कडक केलेली) काच, असा दुजाभाव मी जाणूनबुजून केला, आणि सगळ्या घराला सारखीच महाग काच लावण्यापेक्षा तो योग्य आहे असे मला वाटते.

सोलर कंट्रोल काच निवडताना दोन आकडे मागावेत: सौर गुणांक आणि दृश्य प्रकाश किती टक्के आत येतो. पहिला आकडा कमी करताना दुसराही खाली येतो, आणि फार गडद किंवा आरशासारखी काच घेतली तर खोलीत भर दिवसा दिवा लावावा लागतो. सेंट गोबेन, एआयएस, गार्डियन या काच बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत हे दोन्ही आकडे प्रत्येक प्रकारापुढे छापलेले असतात. खिडकीचा विक्रेता नुसते ‘हीट रिफ्लेक्टिव्ह’ म्हणत असेल तर काचेचे पूर्ण नाव कोटेशनवर लिहून मागावे आणि हातभर लांबीचा तुकडा घरी आणून त्याच खिडकीपुढे उन्हात धरून पाहावा.

आवाजाचे गणित याहून वेगळे आहे आणि तिथेही डीजीयूविषयी अवाजवी अपेक्षा असते. सारख्या जाडीच्या दोन काचांची 6-12-6, म्हणजे 6 मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये 12 मिलिमीटरची पोकळी, ही साधी जोडी एकट्या 6 मिलिमीटर काचेपेक्षा मोजणीत दोन-तीन डेसिबलनेच सरस ठरते, आणि आवाज कानाला निम्मा वाटायला साधारण 10 डेसिबल कमी व्हावे लागतात. शिवाय अशा जोडीचा अनुनाद 200 हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे बसचे इंजिन आणि ढोलाचा ठोका ज्या पट्ट्यात आहेत तिथेच ती ढिली पडते. रस्त्याकडच्या खोलीत लॅमिनेटेड काच (दोन काचा मधल्या प्लास्टिकच्या पातळ थराने चिकटवलेली), आणि डीजीयू घ्यायचीच तर दोन वेगवेगळ्या जाडीच्या काचांची, हे अधिक फायद्याचे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फट. खिडकीच्या क्षेत्राच्या एक टक्का एवढी जरी फट राहिली तरी काच कितीही भारी असो, एकूण आवाज 20 डेसिबलपेक्षा जास्त कमी होऊ शकत नाही. सरकत्या खिडकीच्या कडेला केसाळ ब्रशची पट्टी असते आणि तिच्यातून हवा जातेच; बिजागरीवर उघडणारी केसमेंट खिडकी मात्र रबरी गॅसकेटवर दाबून बसते. कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता किंवा पौड रस्त्यालगत राहणाऱ्यांनी कंपनीचे नाव ठरवण्याआधी सरकती खिडकी सोडायची की नाही हे ठरवावे. अनंत चतुर्दशीच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावरच्या घराला शांत ठेवील अशी खिडकी मात्र कोणीही विकत नाही, आणि तसे वचन कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पावसाचाही विचार सरकत्या खिडकीपाशीच येतो. आपल्याकडे पाऊस वाऱ्यासकट नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाचा झोत काचेवर सुमारे 240 पास्कल (दाबाचे एकक) दाब टाकतो, आणि एवढा दाब ट्रॅकमधले पाणी 24 मिलिमीटर वर ढकलून धरू शकतो. ट्रॅकची आतली कड त्याहून बुटकी असेल तर पाणी ती ओलांडून खोलीत येते. यात कारागिराचा दोष असतोच असे नाही, रचनेतच ते असते. प्रीमियम कंपन्यांच्या सरकत्या खिडक्यांत आतली कड उंच असते, पाणी बाहेर सोडणाऱ्या भोकांवर झडप असते आणि पाणी अडवण्याची चाचणी केलेली असते. युरोपीय मानक ईएन 12208 प्रमाणे 4ए वर्ग म्हणजे 150 पास्कल, 7ए म्हणजे 300 आणि 9ए म्हणजे 600 पास्कलपर्यंत पाणी आत न येणे. पश्चिमेच्या वरच्या मजल्यांवर मी 7ए च्या खाली जाणार नाही. हा वर्ग नेमक्या त्याच मालिकेच्या खिडकीचा आहे ना, हे प्रमाणपत्रावर पाहावे. एकाच कंपनीची स्वस्त सरकती मालिका आणि भारी मालिका यांत इथे जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मग सगळीकडे केसमेंटच का नको, असे विचारता येईल. अडचण ग्रिलची आहे. बाहेर उघडणारी खिडकी ग्रिलला अडते, आत उघडणारी पडद्याला आणि डासांच्या जाळीला. आम्ही पश्चिमेच्या खोल्यांसाठी आत उघडणारी टिल्ट अँड टर्न पद्धत घेतली: मूठ एका बाजूला फिरवली की खिडकी दारासारखी आत उघडते, वर फिरवली की वरची कड तेवढी आत कलते आणि रिमझिम पावसातही हवा चालू राहते. जाळी ग्रिल आणि खिडकी यांच्यामध्ये बसते, आणि बाहेरची काच घरात उभे राहून पुसता येते, जे तिसऱ्या मजल्यावर फार महत्त्वाचे आहे. या पद्धतीत खिडकीचा जीव हार्डवेअरमध्ये, म्हणजे मूठ, बिजागऱ्या आणि त्यांच्या यंत्रणेत, असतो. रोटो, सिजेनिया, माको, विंकहाउस ही युरोपातली जाणती नावे आहेत आणि प्रोफाइल कोणाचेही असो, हार्डवेअर कोणाचे आहे हे स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. वजनाचाही हिशेब सोपा आहे: काचेचे वजन जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो. दोन फूट बाय चार फुटांच्या झडपेत एकेरी 5 मिलिमीटर काच नऊ-सव्वानऊ किलोची होते, तर 6-12-6 ची जोडी बावीस किलोंच्या वर जाते. रोलर किंवा बिजागरी किती किलोंची आहे हे विचारल्यावर जो विक्रेता लगेच आकडा सांगतो, त्याला आपले काम कळते.

कोटेशन हाती आली की चौरस फुटाच्या दरावर नजर जाते, आणि तिथेच तुलना फसते. चार फूट बाय चार फुटांच्या खिडकीत चौरस फुटामागे एक फूट चौकट लागते; दोन बाय दोनच्या न्हाणीघराच्या खिडकीत दोन फूट. त्यामुळे छोट्या खिडकीचा दर नेहमीच चढा दिसतो आणि सरासरी दर काहीच सांगत नाही. प्रत्येक खिडकीची स्वतंत्र किंमत, तीत काचेचे नाव व जाडी, पोलाद, हार्डवेअर, जाळी, जुनी खिडकी काढणे, गवंडीकाम आणि जीएसटी धरला आहे की नाही, एवढे समोरासमोर मांडल्यावर आमच्या हातातले सर्वांत स्वस्त कोटेशन सर्वांत स्वस्त राहिले नाही.

बसवण्याच्या कामाबद्दल मला सर्वांत जास्त तळमळीने सांगायचे आहे. आमच्याच इमारतीत एका शेजाऱ्यांकडे नामवंत प्रोफाइलच्या खिडक्या बसल्या आणि पहिल्याच मोठ्या पावसात भिंतीला ओल आली. पाहिले तर बसवणाऱ्याने बाहेरच्या बाजूने सिलिकॉनची जाड रेघ ओढताना खालच्या चौकटीची पाणी जाण्याची भोके बुजवून टाकली होती. चौकटीत साचलेल्या पाण्याने भिंतीची वाट धरली. भोके टोचून मोकळी केली आणि गळती थांबली. जुन्या इमारतींत गाळेही काटकोनात नसतात. रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंची दोन्ही कडांना, आणि दोन्ही कर्ण मोजले पाहिजेत, कारण टफन्ड काच एकदा भाजली की पुन्हा कापता येत नाही. मापे घ्यायला आलेल्या माणसाला मी विचारले, ‘दादा, ओळंबा नाही लावणार?’ त्याने सांगितले, ‘ताई, फोमने सगळे भरून येते.’ त्या कंपनीचे कोटेशन मी तिथेच बाजूला ठेवले. फोम फट भरतो, वाकडा गाळा सरळ करत नाही. ग्रॅनाइटच्या खालच्या पट्टीला बाहेर उतार आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. नसेल तर खिडकीआधी गवंडी बोलवावा. इमारतीचा दर्शनी भाग बदलत असल्यामुळे संस्थेची लेखी परवानगी काम सुरू होण्यापूर्वीच घेतलेली बरी.

आता नावांकडे परत येऊन माझे मत सांगते. ज्यांना एकाच ठिकाणी जबाबदारी हवी आहे आणि कारखाने पाहत फिरणे शक्य नाही, त्यांनी फेनेस्टा किंवा टोस्टेमसारख्या कंपन्यांकडे जावे. त्यातही बारीक चौकट, सरकती खिडकी आणि भरपूर उजेड हवा असेल तर टोस्टेम, केसमेंट आणि शांतता हवी असेल तर यूपीव्हीसी. शूको आणि रेनर्स यांची खरी ताकद बंगल्याच्या किंवा गच्चीच्या दहा-बारा फुटी काचेच्या दारांत दिसते. चार फुटांच्या खिडकीत तिचे पैसे वसूल होत नाहीत. वेका, रेहाऊ, कॉमर्लिंग यांच्यात मला छेदाच्या दर्जात निर्णायक फरक दिसला नाही, त्यामुळे तिथे फॅब्रिकेटर पाहून निवड करावी, आणि आम्ही तसेच केले. पश्चिमेला सोलर कंट्रोल थराची टिल्ट अँड टर्न, दिवाणखान्यात लॅमिनेटेड काचेची केसमेंट, आणि स्वयंपाकघर व न्हाणीघरात साधी सरकती ॲल्युमिनियमची खिडकी. एखाद्याकडे वाड्यातल्या जुन्या सागवानी झडपा शाबूत असतील तर त्या काढू नयेत असेही मी म्हणेन. चांगला सुतार त्यांना गॅसकेटसाठी खाच पाडून देऊ शकतो.

करार करताना हमी तीन भागांत लिहून घ्यावी: प्रोफाइलची, हार्डवेअरची आणि डीजीयूची. डीजीयूच्या कडेचे सील निकामी झाले की दोन काचांमध्ये धुके दिसू लागते आणि ते पुसता येत नाही, काचजोडीच बदलावी लागते. त्यामुळे तिची मुदत वेगळी नोंदवलेली हवी. बसवण्याची हमी कोण देतो, कंपनी की फॅब्रिकेटर, हे नावानिशी लिहावे. आम्ही शेवटचा हप्ता पाण्याची चाचणी होईपर्यंत राखून ठेवला. बाहेरून नळीने पाण्याचा झोत खालच्या सांध्यापासून सुरू करून हळूहळू वर न्यायचा, आणि आत एकाने कोरडा कागद कडेकडेने फिरवत राहायचे. दिवाणखान्याच्या डाव्या कोपऱ्यात कागद ओला झाला, कारागिरांनी तिथली काचपट्टी काढून गॅसकेट नव्याने बसवले, आणि दुसऱ्या चाचणीत कागद कोरडा राहिल्यावर धनादेश दिला.